खासदारापुढे गाऱ्हाणं नको, मुद्द्याचा कागद द्या

संसदेचं अधिवेशन संपलं की आपल्या कोकणात एक तक्ता मोबाईलवर फिरायला लागतो. आपल्या खासदाराची हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत भाग इतक्या वेळा. मग दोन्हीकडचे कार्यकर्ते त्याच तक्त्यावरून एकमेकांची उणीदुणी काढतात. तक्ता खोटा नसतो, पण तो वाचायचा कसा हे कुणी सांगत नाही.

हजेरी म्हणजे त्या दिवशी झालेली नोंद, बस. नोंद करून दहा मिनिटांत बाहेर पडलेला आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसलेला, दोघांची हजेरी सारखीच. मंत्री तर हजेरीची सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, कारण उत्तरं त्यांनीच द्यायची असतात. अनंत गीते २०१४ ते २०१९ रायगडचे खासदार होते आणि त्याच काळात केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते. त्या पाच वर्षांवरून त्यांना ‘गप्प खासदार’ म्हणणं म्हणजे अंपायरने शतक ठोकलं नाही म्हणून ओरडण्यासारखं आहे.

प्रश्नांच्या आकड्याचंही तसंच. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. एका खासदाराला एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच प्रश्नांच्या सूचना देता येतात, त्याही किमान १५ दिवस आधी. सूचना जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या पडतात. एकाच विषयावर आठ-दहा जणांच्या सूचना असल्या तर सगळ्यांची नावं एकाच प्रश्नाखाली लागतात आणि मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात जातो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, आणि खासदाराचा अभ्यास खरा कळतो तो तिथे. पण ११ ते १२ या तासात मोजकेच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात.

म्हणून आकडा सोडा, उत्तर वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभेच्या प्रश्नांत सदस्याचं नाव आणि मंत्रालय निवडलं की उत्तराची पीडीएफ उघडते, हिंदी किंवा इंग्रजीत. दोन गोष्टी बघा. पहिली, प्रश्नात आपल्या भागाचं नाव आहे का, की देशभराची आकडेवारी मागितली आहे? देशभराची मागितली की राज्यवार तक्ता हातात पडतो आणि त्यात कोकण शोधूनही सापडत नाही. दुसरी, ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’ असं वाक्य आहे का? हे वाक्य सोडून देऊ नका. असं उत्तर आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. खासदाराने त्याचा पाठपुरावा केला का, हा खरा प्रगतीपुस्तकातला रकाना. तक्त्यात तो नसतोच.

आता आपली बाजू. आपली निवेदनं म्हणजे देवळापुढचं गाऱ्हाणं असतं. एकाच कागदावर महामार्ग, रेल्वे थांबा, आंबा विमा, नळपाणी, स्मशानशेड. बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं आणि फोटो काढायचा. देवाला हे चालतं. खासदाराच्या स्वीय सहायकाला मात्र त्यातून एकही प्रश्न तयार करता येत नाही, कारण प्रश्न एका मंत्रालयाला आणि एका विषयावर जातो.

उदाहरण मुंबई–गोवा महामार्गाचंच घ्या. ‘महामार्गाचं काम त्वरित पूर्ण व्हावे ही विनंती’ या वाक्यावर ‘प्रयत्न सुरू आहेत’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही. आधी टप्पा ठरवा. पनवेल ते इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम केंद्राच्या रस्ते मंत्रालयासाठी राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग बघतो. त्या पट्ट्यातही आरवली–कांटे वेगळा, कांटे–वाकेड वेगळा. मग लिहा: या टप्प्याच्या ठेकेदाराला किती वेळा मुदतवाढ दिली, दंड किती लावला, चिपळुणात ऑक्टोबर २०२३ मध्ये उड्डाणपुलाचा भाग कोसळला त्यानंतर कुणावर काय कारवाई झाली? एवढं लिहून दिलंत की निम्मा प्रश्न तयार असतो.

रेल्वे थांब्याचं ठरलेलं उत्तर आधीच सांगून ठेवतो: ‘थांबे देणे ही सततची प्रक्रिया असून वाहतुकीची गरज व परिचालनाची शक्यता पाहून निर्णय घेतला जातो.’ ते टाळायचं तर स्टेशनची तिकीटविक्री, मागचं-पुढचं थांबा असलेलं स्टेशन आणि गाडीचा क्रमांक निवेदनात हवा.

आणि पत्ता नीट बघा. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी त्यांचा खासदार रायगडचा. तिथली कितीतरी निवेदनं अजून भलत्याच कार्यालयात जातात. मच्छीमारांचंही तेच. १२ सागरी मैलांच्या आत घुसलेली पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याची) नौका हा राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि आमदाराचा विषय. त्यापलीकडे केंद्र, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ ची बंदी केंद्राचीच आहे, तिची अंमलबजावणी खासदाराला विचारा.

खासदार निधीबद्दल थोडक्यात. वर्षाला ५ कोटी, पण पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. कोविडमध्ये ही योजना थांबवली होती, त्यामुळे २०२०-२१ चा निधी कुठे गेला असं विचारून कुणाला पेचात पकडता येणार नाही. बाकी वर्षांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकारात मिळते: जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘सुचवलेली, मंजूर, पूर्ण’ असे तीन वेगळे रकाने मागा. नुसती ‘कामांची यादी’ मागितलीत तर सुचवलेलीच यादी झालेली कामं म्हणून हातात पडते.

त्याच धडाक्यात ‘दिशा’ समितीची इतिवृत्तंही मागा, हा अर्ज मात्र वेगळा. केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यातला आढावा घेणारी ही समिती, अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. वर्षात चार इतिवृत्तं निघाली का, आणि मागच्या बैठकीतले मुद्दे पुढच्या बैठकीत तसेच्या तसे छापलेत का, ते मोजा.

गणपतीत खासदार आरतीला येतीलच. हार घालून झाला की विचारा, मागच्या निवेदनावरचा प्रश्न कुठल्या तारखेला लागला आणि क्रमांक काय? ‘मंत्र्यांना पत्र दिलंय’ असं उत्तर आलं तर त्या पत्राची प्रत आणि आलेलं उत्तर मागा.