निघायचा मुहूर्त

शिकागोच्या उपनगरातून न्यू जर्सीतल्या एडिसनला, धाकट्या बहिणीकडे, आम्ही नाताळच्या सुट्टीत मोटारीने जातो. अंतर सुमारे 800 मैल, म्हणजे बारा-तेरा तासांचे. पण त्या बारा तासांसाठी मी बारा दिवस आधीपासून हवामान पाहत बसतो. अंदाज वर्तवणारे अमेरिकन संगणकी मॉडेल सोळा दिवस पुढचे सांगते, युरोपियन मॉडेल ते खोडून काढते, आणि एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांच्या मध्ये सापडल्यासारखा मी दोघींना मान डोलावतो.

यंदा पुण्याहून आई आली होती. तिला मी ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांतला फरक समजावला: पहिल्यात वादळाची शक्यता असते, दुसऱ्यात ते आल्यातच जमा असते. “म्हणजे एक पाहुणे येतो म्हणालेले आणि दुसरे रिक्षातून उतरलेले,” आई म्हणाली. हवामानखात्याला हे इतक्या थोडक्यात कधी जमलेले नाही.

खरी अडचण सरोवरांची आहे. थंड वारा न गोठलेल्या, त्यामानाने उबदार पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि पलीकडच्या काठावर बर्फ करून ओततो. तोही अरुंद पट्ट्यांत, त्यामुळे एका गावात ऊन असते आणि शेजारच्या गावात मोटारी गाडल्या जातात. आमच्या वाटेवर आधी मिशिगन सरोवर, मग एरी. ते चुकवावे म्हणून कोलंबस-पिट्सबर्गवरून दक्षिणेचा रस्ता काढला, तर तिकडे गोठणाऱ्या पावसाचा अंदाज निघाला. बर्फ निदान दिसतो. हा पाऊस रस्त्यावर काचेसारखा बसतो आणि गाडी आडवी झाल्यावरच कळतो. शनिवारचे रविवारवर गेले, रविवारचे सोमवारवर. आईने प्रवासासाठी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही घरीच खाल्ल्या आणि तिने पुन्हा केल्या. माझ्या तक्त्यात तासागणिक शहर, तापमान आणि वाऱ्याची दिशा होती. “पत्रिका याहून लवकर जुळते,” हा त्यावरचा पत्नीचा शेरा मी तक्त्यात घेतला नाही.

मंगळवारी पहाटे निघालो. आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, उणे 8 अंश सेल्सिअस. ओहायो ओलांडेपर्यंत मी स्वतःवर इतका खूश होतो की पेनसिल्व्हेनियात, 80 क्रमांकाचा महामार्ग मिसिसिपीच्या पूर्वेला जिथे सर्वांत उंच, म्हणजे 2,250 फुटांवर जातो, तिथली पाटी मी आईला वाचून दाखवणार होतो. (उंची लोणावळ्याहून किंचितच जास्त, पण पाटी लावायची हौस मोठी.)

पाटी दिसलीच नाही. रस्त्यावर टाकलेले मीठ पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवून समोरच्या काचेवर चुन्यासारखे बसवले होते. पाण्याचे बटण दाबले, तर नुसता घुर्र आवाज. काच धुण्याचे ते निळे औषध महाग पडते म्हणून सप्टेंबरमध्ये मी त्यात निम्मे नळाचे पाणी घातले होते, आणि ते आता टाकीत गोठून बसले होते. माझ्या तक्त्यात या टाकीसाठी रकाना नव्हता.

चाचपडत पुढच्या विश्रांतिस्थळाशी पोहोचलो. काच पुसायला स्वच्छ बर्फ लागतो, आणि तो मी चार दिवस खपून कटाक्षाने टाळलेला. शेवटी स्वच्छतागृहामागच्या सावलीत जुन्या बर्फाचा एक ढिगारा सापडला. पुऱ्यांचा रिकामा डबा मी त्यात खुपसत असताना आई खिडकी खाली करून म्हणाली, “दोन डबे घे. पुढे मिळेल न मिळेल.”