पंचमीचे लाडू मागवायचे नाहीत

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या भाचीने लिहिले, "आत्या, यंदा पंचमीचे लाडू मागवूया का? दोन दिवसांत घरपोच येतात, उगीच पसारा नको." चौघांनी लगेच होकारही भरला. मी दुपारपर्यंत उत्तर दिले नाही, कारण राग आवरत नव्हता. आता लिहायला बसले आहे आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही.

बेळगावात पंचमी, म्हणजे नागपंचमी, हा लेकींचा, माहेरचा सण, हे इथल्या कोणाला सांगायला नको. झाडांना झोके बांधले जातात आणि पंचमीच्या आधी शेजारच्या कन्नड घरांतून रोट्टीच्या सणाची ताटे येतात, त्यांत ज्वारीच्या कडक रोट्ट्या, भुईमुगाच्या शेंगांची चटणी आणि भरल्या वांग्यांची भाजी असते. पंचमीच्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, म्हणून त्या दिवशी उकडलेली दिंडे, आणि आधीच करून ठेवलेल्या ज्वारीच्या लाह्या व तंबिटाचे, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाचे, गुळाच्या पाकातले लाडू. या सणाचे सगळे खाणे आदल्या दिवसांच्या कामावर उभे आहे. ते कामच नको म्हटले, तर पंचमी कोणत्या गोष्टीची करायची?

आई गेली, तिचे वर्षश्राद्ध झाले आणि त्यानंतर जी पहिली पंचमी आली, ती मला आज सकाळपासून आठवते आहे. मी तिची वही उघडली. गहू, हरभऱ्याची डाळ आणि पुटाणी, म्हणजे फुटाण्याची डाळ, वेगवेगळी भाजून दळायची, शेंगा, खसखस, सुके खोबरे, वेलची, असे सारे तिने चिपट्याच्या मापाने लिहून ठेवले होते, आणि गुळापुढे मात्र एकच शब्द होता, "अंदाजे". मी पाक घाईने उतरवला. लाडू वळावेत आणि परातीत ठेवताच ते बसावेत, असे तासभर चालले होते. मी रडकुंडीला आले होते, आणि तेवढ्यात शेजारच्या आज्जी रोट्टीचे ताट घेऊन आल्या. त्यांनी ताट कट्ट्यावर ठेवले, दुसरा गूळ चढवायला लावला, वाटीत गार पाणी घेतले आणि उलथन्यावरचा एक थेंब त्यात सोडला. थेंब पसरला. "स्वल्प तडी," थोडे थांब, असे त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. थोड्या वेळाने दुसरा थेंब सोडला, तो वाटीच्या तळाशी जाऊन गोळा झाला आणि त्यांच्या बोटाखाली मऊ मण्यासारखा फिरला. "ईग हाक." आता घाल. मी पीठ घातले. त्या वर्षीचे लाडू आईच्या लाडवांसारखे झाले, आणि आई गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा घरभर मोठ्याने बोलले.

हे सगळे मी कोणत्या खोक्यातून मागवू?

मी काही विकतच्या पदार्थांची वैरी नाही. कुंदा, ही आमच्याकडची दुधाची मिठाई, आम्ही जन्मात कधी घरी केला नाही, आणि मांडे तर ज्यांच्या हाताला हातावर पोळी पसरून ती पालथ्या कढईवर टाकण्याची सवय आहे, त्यांच्याकडूनच आणावेत. नोकरी करणाऱ्या मुलींना पंचमीला रजा मिळत नाही, हेही मान्य. पण कुंदा पहिल्यापासून दुकानाचा होता आणि तंबिट घराचे होते.

एवढे लिहून झाले आणि वहिनींचा फोन आला. त्यांनी ग्रुप वाचला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही माहेरपणाला यायचा, झोक्यावर बसायचा. मी तेव्हा चुलीपुढे लाह्या फोडत असायचे. माझ्या लेकीने ते पाहिले आहे." मला काही बोलता आले नाही. खरे सांगायचे तर मी आईलाही झोक्यावर बसलेली कधी पाहिलेले नाही. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती ध्यानात आल्यावर भाचीवरचा माझा राग तसाच उरला नाही.

तरीही मी लाडू मागवू देणार नाही. उलट आजपासून आमच्या घरात एक नवी रीत धरायची, असे मी ठरवले आहे. पंचमीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी इथे बेळगावात शहापूरच्या घरी जमायचे. लाह्या भाऊ आणि जावई फोडतील, आणि वहिनी त्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीत, त्यांच्यासाठी मागच्या आंब्याला झोका बांधायचा. धाकट्याला शेंगा चालत नाहीत, त्याच्या वाटणीच्या लाडवात तीळ घालू, तेवढ्याने आईचा लाडू बाटत नाही. बेंगळुरूची माझी नात मराठी बोलते, पण तिला वाचता येते ते कन्नड आणि इंग्रजी. आईची वही तिच्यासाठी बंदच आहे, आणि उघडता आली असती तरी त्यात "अंदाजे" एवढेच लिहिले आहे. म्हणून पाकाची वाटी यंदा तिच्या हातात द्यायची आणि थेंब तिच्याच बोटाने पाहायला लावायचा. शेजारच्या आज्जी आता नाहीत, पण रोट्टीचे ताट त्यांच्या सुनेकडून अजून येते. त्यांनाही त्या रविवारी बोलावणार आहे.

हे सारे मी ग्रुपवर लिहिले आहे. भाचीला वेगळे कळवले, की जावईबापूंना घेऊन शनिवारी रात्रीच ये, कारण ज्वारीवर कढत पाणी शिंपडून ती रात्रभर फडक्यात बांधून ठेवली नाही, तर सकाळी तिच्या लाह्या फुलत नाहीत, आणि ते फडके या वर्षी त्यांनी बांधायचे आहे.