चष्मा घालवायचं लेझर: भीती टेबलाची, धोका तपासणीचा

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई जवळ आली की एक मेसेज आमच्याकडे दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो येतो. मजकूर साधारण असा: ‘चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन चुकूनही करू नका. डोळा जरा हलला की लेझर भलतीकडे लागतो, माणूस आंधळा होतो. भूल देत नाहीत. लेझरने पडदा जळतो. चार वर्षांत नंबर परत येतो. आपल्या उन्हात तर डोळा टिकतच नाही. बाळंतपणात त्रास होतो, पुढे मोतीबिंदू काढता येत नाही. म्हणून तर डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा घालतात.’

मी डोळे तपासते, नंबर काढते. ऑपरेशन मी करत नाही. पण हा मेसेज पुढे धरून ‘मॅडम, हे खरं आहे का?’ असं विचारणारी पोरं आणि त्यांचे आईवडील समोर बसतात, तेव्हा उत्तर द्यावंच लागतं. या मेसेजने दुहेरी नुकसान होतं. ज्यांचे डोळे ऑपरेशनला अगदी योग्य आहेत ते घाबरून मागे फिरतात. आणि ज्यांना मेसेज खोटा असल्याचं कळतं, ते ‘म्हणजे काहीच धोका नाही’ असं समजून स्वस्त पॅकेज शोधायला निघतात. धोका आहे. तो या मेसेजने दाखवलेल्या जागी नाही, एवढंच.

सगळ्यांत मोठी भीती डोळा हलण्याची. ‘डोया हालना ते काय व्हई, ताई?’ हा प्रश्न मी अमळनेरच्या आजीकडूनही ऐकलाय आणि इंजिनिअरिंगच्या पोराकडूनही. डोळा हलणारच, हे यंत्र बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलंय. पापण्या एका छोट्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे डोळा मिटत नाही. नंबर कमी करणाऱ्या लेझरसोबत बाहुलीचा माग काढणारी यंत्रणा असते. ती सेकंदाला शेकडो वेळा डोळ्याची जागा मोजते आणि लेझरचा ठिपका त्याप्रमाणे सरकवते. डोळा फार लांब गेला तर लेझर आपोआप थांबतो. डॉक्टर तुम्हाला परत दिव्याकडे बघायला सांगतात आणि राहिलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. लॅसिक नावाच्या पद्धतीत आधी पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा (कॉर्नियाचा), एक पातळ पापुद्रा उचलावा लागतो. तेव्हा डोळा काही सेकंद सक्शनने धरून ठेवतात. ते सक्शन सुटलं तर डॉक्टर थांबतात, पुन्हा लावतात, गरज पडली तर दुसऱ्या दिवसावर ढकलतात. नंबर घालवणारा लेझर बहुतेक वेळा एका डोळ्यावर मिनिटभरसुद्धा चालत नाही.

आणि भूल देतात. सुई मारून नाही, थेंब टाकून. सक्शनचा दाब जाणवतो आणि तेवढ्यापुरतं अंधारून येतं. हे आधी सांगितलेलं असलं तर माणूस दचकत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगते. एक वासही येतो, केस जळल्यासारखा. त्या वासानेच ‘डोळा जाळला’ ही समजूत पसरली असावी. लॅसिकनंतर काही तास डोळे चुरचुरतात, पाणी येतं, झोपून राहावंसं वाटतं. पीआरके नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात पापुद्रा उचलत नाहीत, वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर देतात. तिच्यानंतर तीन-चार दिवस खरोखर दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात. ज्याला ‘काहीच दुखत नाही’ सांगून पीआरके केलं जातं, त्याचा पुढे डॉक्टरवरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

पडदा जळण्याचा मुद्दा मला नीट उलगडून सांगायचाय, कारण त्यामागे बऱ्याचदा घरातला खरा अनुभव असतो. ‘आमच्या मामांना लेझर केलं होतं, तरी नजर गेली.’ चौकशी केली की कळतं, मामांना मधुमेह होता, पडद्यावर रक्तस्राव झाला होता आणि उरलेली नजर वाचवायला पडद्यावर लेझर दिला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागे जाळी धरते, तीही लेझरने काढतात. हे सगळे वेगवेगळे लेझर आहेत. मधुमेहात वापरतात तो बहुधा हिरव्या प्रकाशाचा, पारपटलातून आरपार जाऊन पडद्यावर पोचण्यासाठीच निवडलेला. नंबर घालवणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा असतो. ही किरणं पारपटलाच्या अगदी वरच्या थरातच शोषली जातात, खाली जातच नाहीत. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढा थर निघतो. तोही आजूबाजूला न भाजता, कारण ही किरणं रेणूंमधले बंधच तोडतात.

हे गुपित ज्यांच्या हाती लागलं त्यांतले एक मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि जेम्स विन व सॅम्युअल ब्लम या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा लेझर प्राण्याच्या ऊतीवर वापरून पाहिला. पहिला नमुना सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचा होता. कडा न जळता स्वच्छ काप पडला. २०१३ साली या तिघांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. डोळ्यावरचा वापर १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये पीआरकेच्या यंत्राला मान्यता दिली. ‘अजून प्रयोगच चालू आहेत’ म्हणणाऱ्यांनी ही साल बघावी.

जुन्या पिढीची भीती मात्र निराधार नाही. लेझरच्या आधी, १९८०च्या दशकात, पारपटलावर ब्लेडने चाकाच्या आऱ्यांसारख्या खोल चिरा देऊन नंबर कमी करत. त्याने पारपटल कमजोर व्हायचं, पुढे वर्षानुवर्षं नंबर उलट्या दिशेने सरकायचा, आणि डोळ्याला जबर मार लागला तर त्या चिरा उसवायचा धोका असायचा. ‘नंबर परत येतो, डोळा फुटतो’ हे त्या काळातलं ऐकीव आजच्या लेझरला चिकटलेलं आहे.

आज नंबर परत येतो का? थोडासा येऊ शकतो, विशेषतः ज्यांचा मुळात मोठा होता त्यांना. पण बऱ्याच वेळा गोष्ट वेगळी असते. सतराव्या-अठराव्या वर्षी नंबर अजून वाढत असताना घाईने ऑपरेशन केलं, तर वाढायचा तो नंबर नंतरही वाढतोच. म्हणून वय किमान १८ हवं आणि आधीचं निदान एक वर्ष नंबर स्थिर हवा. दुसरी गोष्ट चाळिशीची. लांबचा नंबर गेलेल्या माणसालाही चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो, कारण डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग ताठर होतं. त्याचा लेझरशी संबंध नाही. डॉक्टर स्वतः चष्मा घालतात याचंही निम्मं उत्तर इथेच मिळतं. बाकीच्यांत काहींचे डोळे ऑपरेशनला योग्य नसतात, काहींना चष्म्याचा त्रासच नसतो, आणि ऑपरेशन करून घेतलेले डॉक्टर तुम्हाला चष्म्यात दिसणार नाहीत.

आता ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, पण त्याने पारपटल वितळत नाही, पापुद्रा सुटत नाही. खरी गोष्ट उन्हाची नाही, धुळीची आणि डोळे चोळण्याची आहे. मेसेज याबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे.

आपल्याकडे उन्हाळा सुरू झाला की कितीतरी मुलांचे डोळे लाल होतात, खाजतात, चिकट तार येते. मुलगा मुठीने डोळे चोळत राहतो. आई म्हणते, ‘धूळ गेली असेल.’ ही ॲलर्जी असते, आणि वर्षानुवर्षं असं चोळण्याचा केराटोकोनसशी संबंध आहे. या आजारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. सुरुवातीला काहीच कळत नाही. फक्त नंबर बदलत राहतो, त्यातही तिरपा म्हणजे सिलिंडरचा. असा मुलगा चष्म्याला कंटाळून लेझर करायला गेला आणि नीट तपासणी न होता ऑपरेशन झालं, तर आधीच कमजोर पारपटल आणखी पातळ होतं आणि पुढे फुगत जातं. लॅसिकचा ज्याला घाबरावं असा धोका हा आहे. तो विरळा आहे, आणि बराचसा टाळता येतो, पण टेबलावर नाही. आधीच्या तपासणीत.

त्या तपासणीत टोपोग्राफी म्हणजे पारपटलाचा नकाशा काढतात आणि जाडी मोजतात. हिशोब कुणालाही करता येईल असा आहे. पारपटल मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतं. पापुद्रा ११० मायक्रॉनचा धरा. एका नंबरामागे लेझर साधारण १५ मायक्रॉन घेतो. उणे ४ नंबर असेल तर ६० गेले, खाली ३७० उरले, उत्तम. आता पारपटल ४८० आणि नंबर उणे ९ घ्या. ११० आणि १३५ वजा केले की २३५ उरतात. खाली किमान २५० तरी राहायलाच हवेत, आणि बरेच डॉक्टर ३०० धरतात. या दुसऱ्या माणसाला लॅसिक नाही म्हणजे नाही. त्याच्यासाठी डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय असू शकतो, किंवा चष्माच बरा. ‘तुम्हाला होणार नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावून दुसरीकडे जाऊ नका. त्याने तुमचं भलं केलंय.

तपासणीला जाण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर नकाशा चुकीचा येतो. खाज, ॲलर्जी, घरात कुणाला केराटोकोनस, सांधेवाताची औषधं, मधुमेह, हे न विचारता सांगा. आणि ऑपरेशन झालं की पहिले काही आठवडे डोळा चोळायचा नाही, रात्री शील्ड लावायचं, पाणी मारायचं नाही, काजळ नाही. शेतातल्या पोराने मळणी आणि कापसाच्या वेचणीचे दिवस सोडून तारीख घ्यावी. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने सुटी काढूनच करावं. मोटारसायकलवर गॉगल लावायचाच. पीआरके झालेल्याला तर उन्हाचा गॉगल बरेच महिने लागतो, कारण अतिनील किरणांनी पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो. मेसेजमधल्या उन्हाच्या गोष्टीत एवढाच कण खरा आहे.

जे त्रास खरोखर होतात, त्यांची नावं मेसेजमध्ये नाहीत. डोळे कोरडे पडणं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिक झालेल्यांना प्रश्नावली देऊन अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी साधारण चारांत एकाला तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आधी दिसण्याची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना वलयं, चमक असं काहीतरी नव्याने दिसत होतं. त्या त्रासाने रोजची कामं फार अडलेले एक टक्क्याहूनही कमी, आणि नजरेवर समाधानी ९५ टक्क्यांहून जास्त. बहुतेकांचा कोरडेपणा सहा महिने-वर्षभरात ओसरतो, काही थोड्यांचा राहतो. रात्री धुळे-सुरत रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्याने हे आकडे ऐकूनच होकार द्यावा. आंधळेपण अत्यंत दुर्मिळ आहे, पण जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही. नंदुरबारहून सुरतेला किंवा जळगावहून नाशिकला गेलात तर त्या रात्री तिथेच मुक्काम करा.

बाळंतपणाचं थोडक्यात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ऑपरेशन करत नाहीत, कारण तेव्हा नंबर हलतो. आधी झालेलं असेल तर बाळंतपण नेहमीसारखंच होतं, त्यासाठी सिझर लागत नाही. आणि मुलीच्या बापाला माझी विनंती आहे: पाहुणे बघायला येणार म्हणून तिचा चष्मा काढायला निघू नका. तिला हवा असेल तर काढा.

भुसावळच्या पोरांसाठी एक इशारा, कारण तिथे घरोघरी रेल्वेची स्वप्नं आहेत. चष्मा अडसर ठरतो म्हणून लेझर करून असिस्टंट लोको पायलटची परीक्षा देणारे भेटतात. रेल्वे भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की लॅसिक झालेला उमेदवार या पदासाठी अपात्र आहे. सैन्यदलांत काही ठिकाणी चालतं, पण वय, पारपटलाची जाडी आणि ऑपरेशननंतरचा काळ यांच्या अटींवर. ज्या भरतीला बसायचं तिची वैद्यकीय नियमावली आधी वाचा, पैसे नंतर भरा.

राहिला मोतीबिंदू. लेझर झालेल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढता येतो आणि काढतातही. आत बसवायच्या लेन्सची ताकद मोजणं तेवढं किचकट होतं, कारण पारपटलाचा मूळ आकार बदललेला असतो. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतानाही आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून पुढे भेटणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ‘लेझर झालंय’ हे सांगायचं. मोठा नंबर असलेल्यांनी पडद्याची तपासणीही चालू ठेवायची. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच असते. ऑपरेशनआधीचा नंबर, पारपटलाची जाडी, टोपोग्राफीचा नकाशा आणि ऑपरेशनची तारीख, हे कागद दवाखान्यातून मागून घ्या. मोबाइलमध्ये फोटो ठेवाच, पण मूळ कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. तीस-पस्तीस वर्षांनी मोतीबिंदूचा डॉक्टर तेच मागेल.