पस्तीस की पन्नास?

कॅमेऱ्यासोबत लेन्सही घ्यावी लागेल, हे मला ठाऊक होतं. पण फिल्म ठरल्याशिवाय लेन्स ठरत नाही आणि लेन्स ठरल्याशिवाय फिल्म ठरत नाही, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

कॅमेरा रेंजफाइंडर, म्हणजे फोकस हाताने जुळवायचा फिल्म कॅमेरा. फोख्टलेंडर बेसा-आर. नवा म्हणजे मला नवा. बाजारात आला २००० साली. नाव व्हिएन्नातल्या कंपनीचं, स्थापना १७५६ ची. म्हणजे इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेले, त्या वर्षीची. कॅमेरा बनलाय मात्र जपानात. हा सगळा इतिहास मी बायकोला रंगवून सांगितला. ती म्हणाली, "एवढं मोठं घराणं, आणि लेन्स माहेरीच ठेवून आला?"

मग मी मोजायची टेप काढली. गिरगावातली आमची खोली दहा बाय बारा. दहा फुटांवरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये साधारण सव्वासात फूट रुंदी मावते, ३५ च्या लेन्समध्ये सव्वादहा फूट. ९० मध्ये चारच फूट, म्हणजे आई एकटी, तीही मांडी न घालता. २८ मध्ये जवळजवळ तेरा फूट, म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी लागणार. शिवाय फोटोत किती मावेल ते दाखवणारी २८ ची चौकट माझ्या कॅमेऱ्यात दिसतच नाही, त्यासाठी वर तुऱ्यासारखा वेगळा व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी, खोचावा लागतो. बायको टेपचं एक टोक धरून देव्हाऱ्यापाशी, मी दुसरं टोक धरून गॅलरीच्या दारात. आई आतून आली, क्षणभर बघत राहिली आणि हरखून म्हणाली, "कपाट करतोयस का रे? करच. चादरींना जागाच नाही."

कपाट नाही, हे सांगायला मला तीन दिवस लागले.

फिल्मचं गणित याहून वाईट. भर उन्हात लेन्सचं तोंड एफ १६ इतकं बारीक ठेवायचं (एफचा आकडा लहान, तर तोंड मोठं) आणि फिल्मचा जो आकडा असेल तितक्यांश सेकंद शटर उघडायचं, हा जुना ठोकताळा. फिल्मचा आकडा मोठा, तर तिला कमी उजेड पुरतो. सुरुवात केली तेव्हा मे महिना होता. गिरगाव चौपाटीवर दुपारी डोळे उघडे ठेवणं कठीण, म्हणून १०० ची फिल्म ठरवली. पण १०० ची फिल्म संध्याकाळी चाळीच्या जिन्यात आंधळी. म्हणजे एफ २ ची, मोठ्या तोंडाची लेन्स हवी. ती महाग. त्यापेक्षा ४०० ची फिल्म घ्यावी आणि लेन्स साधी. पण ४०० भरली की उन्हात एफ ८ च्या पुढे लेन्स उघडताच येत नाही, कारण माझ्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला दमतं. यावर मी रात्र रात्र कागद काळे केले. ठरवता ठरवता मृग लागला, ऊन गेलं, आणि १०० च्या बाजूचे सगळे मुद्दे पाण्यात गेले.

पाऊस सुरू होताच मेहुणे आले. त्यांना सल्ला द्यायला पाऊस आवडतो. "मुंबईच्या दमटपणात लेन्सला बुरशी येते हो भावजी. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा." एवढं खरं होतं. पुढे म्हणाले, "कृष्णधवलच काढा. इलफर्ड एचपी५ नाहीतर कोडॅक ट्राय-एक्स. रंगीत काय, फोनवरही निघतं." मी विचारलं, तुम्ही कुठली वापरता? म्हणाले, "मी फोनवर काढतो."

बाबांची आठवण झाली. त्यांच्या वेळी उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोल मिळायचा. दुकानदार पुडीत बांधून देईल तो रोल बाबा आणायचे आणि गणपतीला सुरू केलेला पुढच्या संक्रांतीला संपवायचे. त्यांनी कधी टेप काढलेली मला आठवत नाही.

शेवटी एका शनिवारी दोन पानी यादी खिशात घालून बोरा बझार गाठला. दुकानदाराने माझी यादी शांतपणे ऐकली. पंख्याचा वेग एका आकड्याने वाढवला. मग म्हणाला, "स्क्रू माउंट ना, आट्यांवर फिरवून बसणारी? पस्तीस आहे. एफ अडीचची. दुसरी नाही."

"आणि पन्नास?"

"दिवाळीनंतर बघू."

"फिल्म कुठकुठल्या आहेत?"

"गोल्ड २००."

दोनशे! माझ्या दोन्ही पानांवर २०० चं नाव कुठेच नव्हतं. दहा मिनिटांत पिशवी हातात घेऊन मी फुटपाथवर उभा होतो. मोकळं वाटलं, पण थोडा अपमानही झाल्यासारखा.

रोल फ्रिजमध्ये ठेवला, अंड्यांच्या खणात. दुसऱ्या दिवशी दोन तास आधी बाहेर काढला, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. आईला खिडकीपाशी बसवलं. रेंजफाइंडरमध्ये मधोमध एक फिकट चौकोन असतो. त्यात माणूस दोनदा दिसतो, आणि लेन्सची रिंग फिरवून दोघांचा एक करायचा असतो. आईच्या दोन नथी एकमेकींकडे सरकत सरकत आल्या आणि गपकन एक झाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी जमलं होतं. मी श्वास रोखला.

"टोपी," बायको म्हणाली.

लेन्सवर झाकण तसंच होतं. यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे झाकण असलं तरी आतून जग लख्ख दिसतं. झाकण काढलं, पुन्हा नथी जुळवल्या, बटण दाबलं.

"दाखव," आईने हात पुढे केला.

"आत्ता नाही दिसत गं. छत्तीस झाले की रोल धुवायला टाकायचा."

"आत्ता किती झाले?"

"एक."

तिने पदर सारखा केला आणि उठली. "मग राहिलेले कपाटाचे काढ. मला कुकर लावायचाय."