फेरीबोटीचे पैसे आमच्या खिशात गेले नाहीत

नमस्कार दादा,

आमच्या गोझो बेटाच्या सहलीला तुम्ही दिलेला दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. गोझोचा दिवस धावपळीत गेला आणि जिगांतियाच्या देवळांपाशी काकांना उन्हाचा त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी. टोपी-पाण्याचं आम्हीच आधी सांगायला हवं होतं.

पण ‘सकाळी गप्प राहिले आणि संध्याकाळी बंदरावर फेरीचे पैसे उकळले’ हे वाचून मला जेवण गेलं नाही. अहो, गोझोच्या फेरीची रीतच तशी आहे. माल्टाच्या मुख्य बेटावरून जाताना चिर्केव्वा बंदरात तिकीट कोणी विचारत नाही, सरळ बोटीत चढायचं. परत निघताना गोझोच्या इम्जार बंदरात जाऊन-येऊनचं एकदम घेतात, माणशी 4 युरो 65 सेंट. मी वसईची, पहिल्यांदा आले तेव्हा पंचवीस मिनिटं टीसी येईल या धास्तीत बसले होते! तुमचे चौघांचे 18 युरो 60 सेंट तुम्हीच खिडकीवर दिलेत आणि पावतीही तुमच्याच हातात पडली. त्यातला एक सेंट आमच्याकडे येत नाही. माझा नवरा गोझोतच जन्मला, तोसुद्धा तिकीट तिथेच काढतो. बुकिंगच्या मेसेजमध्ये ‘फेरीचं तिकीट वेगळं’ असं मराठीत लिहिलं होतं, त्यावर तुमचा अंगठाही आला होता. मेसेज लांबलचक होता, हे कबूल.

अझूर विंडो, म्हणजे समुद्रातली ती दगडी कमान, दाखवली नाही म्हणता. ती 8 मार्च 2017 ला वादळात समुद्रात कोसळली. द्वेय्राच्या किनाऱ्यावर नवऱ्याने हात करून दाखवली ती रिकामी जागा तीच. लहानपणी तो तिथेच पोहायला शिकला, म्हणून तो जास्त बोलला नाही. आमच्या गाडीच्या स्टिकरवर मात्र ती अजून उभी आहे. ते काढतो.

घाईचं म्हणाल तर श्वेनीच्या मिठागरांवर रील काढण्यात पाऊण तास गेला. वाफ्यात पाय टाकू नका, असं मी दोनदा म्हटलं. माहेरी मिठागरं पाहिलेली, त्यामुळे माझा आवाज चढला असेल.

आणि तो ‘कोरडा पाव’ म्हणजे फ्तिरा, माल्टाची चपटी रोटी. 2020 मध्ये युनेस्कोने तिची वारसा म्हणून नोंद घेतली आहे. काकूंना मासे चालत नाहीत म्हणून सासूबाईंनी टुना काढून घरचं ज्बेय्ना चीज घातलं होतं. हा अभिप्राय मी त्यांना वाचून दाखवलेला नाही.

यापुढे तिकिटाचं सकाळीच तोंडी सांगू, वेळेचंही काहीतरी बघतो. आमची गाडी एकच, कमाईचे महिने मोजके. स्टार वाढवा असं म्हणत नाही, पण ‘उकळले’ हा शब्द तेवढा काढलात तर बरं होईल.

काकाकाकूंना नमस्कार सांगा.