कुत्री शेल्टरमध्ये टाकली, मग पुढे?

दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला साक्षीला उभं केलं गेलं. ‘तुमच्या जर्मनीत दिसतं का रस्त्यावर एक तरी कुत्रं?’

नाही दिसत. पण त्याचं श्रेय शेल्टरचं नव्हे. बर्लिनमध्ये कुत्रा पाळायचा तर दरवर्षी कर भरा, चिप बसवा, नोंदणी करा, शिवाय तो कुणाला चावला तर भरपाईसाठी विमा काढा. प्रत्येक कुत्र्यामागे कुणाचं तरी नाव आणि पत्ता असतो. शेल्टर हा मधला मुक्काम. तिथून कुत्रा आणायला गेलात की परीक्षा तुमची: घरमालकाची लेखी परवानगी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, तुम्ही गावाला गेलात तर त्याला कोण बघणार? लग्नाच्या स्थळाचीही एवढी चौकशी होत नसेल. मग दोन-चारदा फिरवून आणा, पैसे भरा, करारावर सही करा.

एवढं असूनही इथली शेल्टरं भरलेलीच. कोरोनाच्या काळात हौसेने आणलेली कित्येक कुत्री परत आली. थोराड, म्हातारी, चावरी कुत्री वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आणि लोक रुमानियातून रस्त्यावरची कुत्री दत्तक आणतात!

भारतात २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रात्रपाळीहून चालत घरी येणाऱ्या माणसाला मी इथे बसून भूतदया शिकवणार नाही. २२ ऑगस्टला न्यायालयाने आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. ग्रुपवर भांडण पेटलं ते यावर. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती: प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेता येतील, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी त्यांची. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

कारण उघड आहे. रोज बिस्किटं टाकणारी मावशी म्हणते, घरात कसं घेऊ, सोसायटीत कटकट होते. आणि ‘सगळी उचला’ म्हणणारे काका दुसऱ्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. तिथे ‘कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई’ अशी पाटी आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत अशी बंदी बसत नाही, हे मी त्यांना दोनदा कळवलंय. काकांनी आधी ती पाटी काढावी. शेल्टर केवढं बांधायचं, ते मग बोलू.