‘बैलगाडीच्या जमान्यातलं ज्ञान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रॅन्समवेअरवरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या) माझ्या लेखाखाली वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांनी लिहिलंय : “आमचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा गूगल ड्राइव्हवर आपोआप जातो. तरी हार्डडिस्क काढून घरी नेऊन ठेवा म्हणणं हे बैलगाडीच्या जमान्यातलं ज्ञान. अँटीव्हायरस मग कशाला असतो? रिमोट डेस्कटॉप बंद केलं तर आमचे सीए घरून काम कसं करणार? लोकांना घाबरवून दुकान चालवू नका. पोर्टचा नंबरसुद्धा चुकलाय.”

शेवटचं आधी घेतो. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुसरीकडून ऑफिसचं मशीन चालवण्याची विंडोजची सोय, आणि ती ज्या दारातून आत येते तो पोर्ट. त्याचा नंबर 3389 आहे, लेखात 3398 पडलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली, आभार.

आता ‘दुकान’. मी डिस्क विकत नाही, सॉफ्टवेअरची एजन्सीही माझ्याकडे नाही. दांडिया बाजारापासून मकरपुऱ्यापर्यंत छोट्या धंद्यांची हिशेबाची मशीनं आणि सर्व्हर सांभाळण्यात एकोणीस वर्षं गेली आहेत. माझं म्हणणं पटलं नाही तर तसं लिहा, दहा वेळा लिहा. पण हेतूवर शंका घ्यायची तर काही आधार लागतो, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. समोरासमोर बसून तुम्ही हा शब्द वापरला नसता.

बैलगाडीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण हा गैरसमज एकट्या तुमचा नाही.

तुमच्याकडे जे आहे ते सिंक आहे, बॅकअप नव्हे. सिंकचं काम एकच : मशीनवर जे होईल ते ढगात, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर, करायचं. फाइल एनक्रिप्ट झाली (रॅन्समवेअरने कुलूपबंद केली) की ड्राइव्हच्या दृष्टीने ती फक्त ‘बदललेली’ फाइल असते, आणि बदललेली म्हणून ती इमानाने वर चढते. जुनी आवृत्ती मिळेल म्हणाल, तर ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या साधारण 30 दिवस किंवा 100 आवृत्त्यांपर्यंतच धरतो. दिवसभर व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) पडणाऱ्या फाइलच्या शंभर आवृत्त्या व्हायला महिना लागेलच असं नाही. बरेच रॅन्समवेअर फाइलचं नावही बदलतात. मग वर नवीन नावाची फाइल दिसते आणि मूळ फाइल कचरापेटीत जाते. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये तेच गूगल खातं कायम लॉगिन असेल, तर त्या मशीनवर बसलेला हल्लेखोर कचरापेटीही रिकामी करू शकतो.

टॅलीची अडचण आणखी वेगळी. तिच्या डेटा फोल्डरमधल्या फायली एकमेकींवर अवलंबून असतात. काम चालू असताना सिंक त्यातली एक आत्ता उचलतो, दुसरी चार मिनिटांनी. एका क्षणाचा पूर्ण संच वर असेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून टॅलीचा स्वतःचाच बॅकअप घ्यायचा : टॅली प्राइममध्ये ऑल्ट-वाय, मग बॅकअप. दर वेळी तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करायचा, जुन्यावर कधी लिहायचं नाही. रोबोकॉपी (विंडोजची फायली कॉपी करणारी आज्ञा) ‘मिरर’ लावून ठेवणारेही इथेच फसतात, कारण मिरर खराब फाइल चांगल्या फाइलवर चढवतो आणि मूळ जागी नाहीशी झालेली फाइल डिस्कवरूनही पुसतो.

डिस्क काढून का ठेवायची? रॅन्समवेअर मशीनला दिसणारं प्रत्येक ड्राइव्ह-अक्षर धुंडाळतं, यूएसबी आणि नेटवर्कवर जोडलेले फोल्डरही त्यात आले. विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतःच जपलेल्या जुन्या प्रती) तर बहुतेक वेळा आधीच पुसल्या जातात. वायर निघालेली डिस्क त्याला दिसत नाही, एवढाच साधा हिशेब आहे. आणि डिस्का दोन लागतात. मशीन आधीच बाधित असेल तर आज लावलेली डिस्क जाईल, पण कालची वाचेल. दोन्ही एकाच दिवशी लावायच्या नाहीत. एक कारखान्याबाहेर, घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर, रिकाम्या वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा (चालू डेटाच्या फोल्डरमध्ये केलंत तर चालू डेटावरच जुना चढेल) आणि शेवटचा व्हाउचर नंबर व बँकेची शिल्लक जुळवून बघा. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात हे सगळं होतं. तिथपर्यंत वाचला असतात तर बैलगाडी मध्ये आली नसती.

अँटीव्हायरस ठेवाच, नको कोण म्हणतंय? पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागलेला माणूस तो आधी बंद करतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा विंडोजचं दुरुस्तीचं अपडेट मार्चपासून उपलब्ध होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं त्यांची मशीनं गेली.

सीएंचं म्हणाल, तर रिमोट डेस्कटॉप बंद करा असं मी लिहिलंच नव्हतं. राउटरवर 3389 इंटरनेटला उघडा ठेवू नका, असं लिहिलं होतं. आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त, खासगी मार्ग), त्यावर ओटीपी, मग रिमोट डेस्कटॉप. पोर्टचा नंबर बदलून लपता येत नाही, स्कॅनर सगळे पोर्ट तपासतात. ती जोडणी कशी करायची हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे वाढवत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं कळवा : ड्राइव्हवरची कुठल्या तारखेची प्रत तुम्ही दुसऱ्या मशीनवर उतरवून टॅलीत उघडून पाहिली, आणि शिल्लक जुळली का.